अडीचशे वॅट आणि एक गुडघा

गेली तीस वर्षं मी वस्तू नापास करण्याचा पगार घेतो आहे. अंबरनाथच्या एमआयडीसीत आमचा कारखाना पंपांचे सुटे भाग बनवतो आणि बाहेर जाण्याआधी तो प्रत्येक भाग माझ्या टेबलावरून जातो. मी मोजतो, फिरवून बघतो, उजेडात धरतो, आणि पटलं नाही की लाल टॅग बांधतो. पटलं तर हिरवा. लाल टॅग बांधताना मला जास्त बरं वाटतं, हे आता निवृत्ती जवळ आल्यावर कबूल करायला हरकत नाही. कारखान्यात मला पाठीमागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. घरात ते तोंडावर म्हणतात. बायको म्हणते, "तुम्ही दिसलात की भाजीवाला भेंडी झाकून ठेवतो."

ते खरं आहे. मी भेंडीचं एकेक टोक मोडून घेतो.

त्यामुळे आमच्या घरात सायकलला मोटर बसवायचं ठरलं तेव्हा ती निवडण्याचं काम आपोआप माझ्याकडे आलं. आपोआप म्हणजे मी ते कुणाला मागूच दिलं नाही.

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवते. आमचं घर बदलापुरात आणि शाळा चामटोलीकडच्या एका वाडीत. ती रोज सायकलने जाते. आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये स्कूटर लावायला जागा नाही इतक्या स्कूटर आहेत, आणि त्यांच्यामध्ये हिची एकटी सायकल, पुढे टोपली, टोपलीत हजेरीचं रजिस्टर आणि डबा. तिचं माहेर वांगणीचं. हायस्कूलपासून ती सायकलवरच आहे. एकदा मी तिला स्कूटर शिकवायला घेतली होती. दुसऱ्या दिवशी तिने ती पार्किंगच्या खांबाला नेऊन टेकवली, शांतपणे खाली उतरली आणि म्हणाली, "सायकल बंद पडली तर पायडल मारून घरी येता येतं. ही बंद पडली तर हिला मीच घरी आणायची." लायसन्सचा विषय तिथेच संपला.

शाळेच्या थोडं अलीकडे एक चढ आहे. मध्यावर चिंचेचं जुनं झाड आहे म्हणून सगळे त्याला चिंचेचा चढ म्हणतात. लांबून तो काहीच वाटत नाही. सायकलवर बसलं की वाटतो. बायकोने तो अठरा वर्षं रोज चढला, आणि मागच्या हिवाळ्यात एक दिवस तिचा उजवा गुडघा चिंचेपाशी थांबला. मग एक्स-रे, मग हाडांचे डॉक्टर. डॉक्टरांनी फोटो उजेडाला लावला, जसा मी भाग लावतो, आणि म्हणाले, "चाला, सपाटीवर सायकल फिरवा, त्याने फायदाच आहे. पण चढावर गुडघ्याने जोर लावायचा नाही. अजिबात नाही."

घरी आल्यावर तिने चपला काढता काढता सांगितलं, "दिवाळीपर्यंत बघते. नाही जमलं तर स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज टाकते."

तिच्या नोकरीची अजून पाच वर्षं बाकी होती. तिने ते दूधवाल्याला उद्या एक पिशवी कमी टाका सांगावं तशा आवाजात सांगितलं, आणि मला भीती वाटली. मे महिन्याच्या सुट्टीत ती घरी असते तेव्हा पहिला आठवडा ती माळे साफ करते, दुसऱ्या आठवड्यात पापड करते, आणि तिसऱ्या आठवड्यात माझ्याकडे वळते. मी वाण्याची यादी लिहिली की ती लाल पेनाने ऱ्हस्व-दीर्घ सुधारते. पण चेष्टा बाजूला. संध्याकाळी ती शाळेतली गोष्ट सांगायला लागली, आज अमक्याला 'ळ' लिहिता आला, तमकी पहिल्यांदा मोठ्याने बोलली, की तिचा आवाज वेगळा होतो. तो आवाज मी जवळजवळ तीस वर्षं ऐकत आलो आहे. तो घरातून जावा असं मला वाटत नव्हतं.

"सायकलला मोटर बसवू," मी म्हणालो. "इलेक्ट्रिक. तू काही बघू नकोस. माझ्यावर सोड."

तिने सोडलं. त्या सगळ्या वर्षात तिच्याकडून झालेली चूक एवढी एकच.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांना थोडक्यात सांगतो, कारण मला कुणीही थोडक्यात सांगितलं नव्हतं आणि मीही पुढे इमारतीत कुणालाच थोडक्यात सांगितलं नाही. सायकलची मोटर दोन ठिकाणी बसते. एक तर चाकाच्या मधोमध, तिला हब मोटर म्हणतात. ती थेट चाक फिरवते. हँडलची मूठ पिळली की निघते, पायडल मारा नाहीतर मारू नका. हबमध्ये परत दोन जाती. एकीच्या पोटात बारीक गिअर असतात, ती हलकी असते आणि चढाला बरी. दुसरीत गिअर नसतात, ती जड असते पण आवाज करत नाही. आणि तिसरी जात बसते ती दुसऱ्या ठिकाणी, खाली, पायडलच्या जागी. तिला मिड-ड्राइव्ह म्हणतात. ती चेन ओढते, त्यामुळे सायकलचे गिअर तिला वापरता येतात आणि चढावर ती सगळ्यांची आजी. मग ताकद. अडीचशे वॅट, साडेतीनशे, पाचशे, साडेसातशे, हजार. अडीचशेपर्यंत, वेग बेताचा असेल तर, लायसन्स लागत नाही आणि नंबरप्लेटही लागत नाही. त्याच्या वर गेलात की ती सायकल राहत नाही, गाडी होते.

एवढ्यावर शहाण्या माणसाने निर्णय घेतला असता. मी वही घेतली.

कारखान्यातली जुनी तपासणी वही होती, आडव्या पानांची, निम्मी कोरी. तिच्यात मी रकाने आखले. मोटरची जात, वॅट, व्होल्ट, जोर म्हणजे टॉर्क, वजन, आवाज, तापमान, चढावरचा वेळ, सपाटीवरचा वेळ, पाण्याला टिकते का, सुटा भाग कुठे मिळतो. वाढता वाढता रकाने चोवीस झाले आणि वही टेबलावर मावेना. सकाळी नदीवर फिरायला जाणाऱ्या आमच्या मंडळात मी हा विषय काढला की लोक वेगात चालायला लागायचे. मला वाटायचं त्यांना व्यायामाची गोडी लागली.

दुकान मिळालं उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये. दुकानदार सिंधी, माझ्याच वयाचे. वडिलांच्या वेळेपासून शिलाई मशीनच्या मोटर विकत होते, आता त्याच फळ्यांवर सायकलच्या मोटर होत्या. मी वही काउंटरवर उघडली. त्यांनी वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "साईं, चलाएगा कौन?"

"वो बाद में," मी म्हणालो. "पहले ये बताओ, टॉर्क कितना है?"

त्यांनी सांगितलं. मी लिहून घेतलं. मग मी हजार वॅटची चौकशी केली. मोठा आकडा दिसला की माझा हात तिकडे जातो, घरातला मिक्सरसुद्धा मी असाच आणला आहे आणि त्यात चटणी केली की खालच्या मजल्यावरचे वर येतात. दुकानदार म्हणाले, "हजार में तो भैंस चढ जाएगी साईं. भैंस है घर में?"

मी म्हणालो, आधी तपासणी, मग खरेदी. ते कंटाळले असावेत, पण त्यांच्याकडे ट्रायलच्या सायकली होत्या. आधार कार्डाची झेरॉक्स ठेवून घेतली की एक दिवस वापरायला देत. आमच्या कारखान्याला शुक्रवारची सुट्टी असते. म्हणजे शुक्रवार माझा.

पहिल्या शुक्रवारी मी गिअरवाली हब मोटर आणली, अडीचशे वॅटची. चिंचेच्या चढाच्या पायथ्याशी उभा राहिलो, गळ्यात स्टॉपवॉच. तपासणीचा एक नियम आहे की वस्तू सर्वांत वाईट परिस्थितीत बघायची. म्हणून मी पायडल मारायचंच नाही असं ठरवलं. दोन्ही पाय लोंबते सोडले आणि मूठ पिळली. सायकल निघाली. चिंचेपर्यंत ठीक होती. चिंचेच्या पुढे ती कण्हायला लागली, मग इतकी हळू झाली की बाजूने चालणारी एक कोंबडी माझ्या पुढे गेली. वर पोचल्यावर मी हबला हात लावून पाहिला, चांगलाच गरम होता. मी खिशातून लाल टॅग काढला आणि हँडलला बांधला. नापास.

संध्याकाळी सायकल परत दिली तेव्हा दुकानदारांनी टॅग वाचला, मग मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "साईं, आपका वजन कितना है?"

"वजन का क्या संबंध?" मी विचारलं.

माझं वजन शहाऐंशी किलो आहे. बायकोचं अठ्ठेचाळीस. चोवीस रकान्यांमध्ये हा रकाना नव्हता.

असा मे गेला. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा माझी वही अठराव्या पानावर होती आणि बायकोच्या सायकलला मोटर नव्हती. मी तिला सांगितलं की घाईने घेतलेली वस्तू घरात कचरा होते. ती बरं म्हणाली. ती चढापर्यंत सायकलवर जायची, तिथे उतरायची आणि सायकल हाताने ढकलत वर न्यायची. हे मला माहीत होतं. म्हणजे तिने सांगितलं होतं आणि मी ऐकलं होतं. दोन्हीत फरक आहे, तो मला जुलैत कळला.

जुलैतल्या एका शुक्रवारी पावसाने उघडीप दिली आणि मी साडेसातशे वॅटची बिनगिअरची हब मोटर घेऊन चढावर गेलो. तिने मला असं काही उचललं की मी हसलो. एकटाच, मोठ्याने. वारा शर्टात शिरला होता. चिंचेच्या अलीकडे एक बाई सायकल ढकलत चढत होत्या, रेनकोटची टोपी डोक्यावर. माझा वेळ मोजला जात होता, थांबून चालणार नव्हतं. मी घंटी वाजवली, दोनदा. बाई सायकलसकट चिखलात बाजूला झाल्या. मी वर पोचलो, स्टॉपवॉच बंद केलं, वेळ लिहिला आणि पुढे 'अतिउत्तम' असं लिहिलं.

संध्याकाळी चहा ओतताना बायको म्हणाली, "छान चढलात." मग थोड्या वेळाने, "घंटीपण छान आहे."

मी बशी खाली ठेवली. मला तिच्या रेनकोटचा रंग आठवला. तो मीच आणला होता, तीन दुकानं फिरून, शिवण तपासून.

त्या वेळी मला जी लाज वाटली ती खरी होती. पण लाज वाटल्यावर माणूस सुधारतो असं कुणी सांगत असेल तर त्याने मला बघितलेलं नाही. कुठलीही मोटर घेऊन दुसऱ्या दिवशी बसवून टाकणं हा एक उपाय होता. मी काय केलं, तर वहीच्या मुखपृष्ठावर 'तातडीचे' असं लिहिलं आणि तपासणी आणखी कडक केली. साडेसातशेला लायसन्स लागलं असतं म्हणून ती बाद केली, लाल टॅग. पाचशे, साडेतीनशे त्याच कारणाने बाद, लाल टॅग. उरली मिड-ड्राइव्ह. दुकानदारांनी ती माझ्यासाठी मुद्दाम मागवली. अडीचशेचीच, पण चेन ओढणारी, आणि तिच्यात एक नाजूक यंत्र होतं. आपण पायडलवर किती जोर देतो ते त्याला कळायचं आणि तेवढ्या प्रमाणात मोटर मदत करायची. पाय हलका तर मदत हलकी, पाय जोरात तर मदत जोरात. मूठ नाहीच. मी वहीत लिहिलं, 'जितका पाय तितकी मोटर. शिस्तबद्ध.'

चढावर गेलो. पायडल दाबलं, आणि कुणीतरी मागून पाठीला हात लावून वर न्यावं तसा गेलो. चिंच मागे पडली तरी धाप लागली नाही. चोवीसच्या चोवीस रकाने भरले, एकातही शेरा नाही. तीस वर्षांत असा नग हातात आला नव्हता. मी हिरवा टॅग बांधला आणि खाली सही केली.

दुकानदार म्हणाले, "साईं, एक बार भाभीजी को बिठा के देख लेते."

"देख लिया है," मी म्हणालो. "मैंने देखा है ना."

ऑगस्टमध्ये ती बायकोच्या सायकलला बसली. पहिल्या दिवशी मी गॅलरीत उभा राहून तिची वाट पाहिली. "कशी आहे?" मी वरूनच विचारलं.

"चांगली आहे," ती म्हणाली, आणि सायकल लावायला वळली.

माल आणून देणारा माणूस माझ्याकडे न बघता 'माल चांगला आहे' म्हणाला तर मी ती पेटी तिथल्या तिथे उघडायला लावतो. घरी हे सुचलं नाही. मी इमारतीत मिड-ड्राइव्हवर प्रवचनं द्यायला लागलो. लिफ्टमध्ये माझ्याबरोबर अडकलेल्यांना चढ, चेन आणि जोराचं प्रमाण समजावून सांगितलं. एकजण तर तिसऱ्या मजल्यावर उतरला, राहतो तो सहाव्यावर. इकडे घरात संध्याकाळी गरम पाण्याची पिशवी परत बाहेर आली. मी विचारलं तर ती म्हणाली, "हवा दमट आहे ना." मला ते पटलं. बदलापुरात हवा दमटच असते.

नवरात्र संपता संपता आमच्या पार्किंगमध्ये कुणीतरी तिच्या सायकलला स्कूटर घासली. 'सायकलला हात लावू नये' अशी पाटी लिहायला मला एक कोरा कागद हवा होता. म्हणून वही मागून उघडली. पुढून ती मी रोज उघडत होतो. मागून कधीच नाही.

शेवटच्या पानावर बायकोचं अक्षर होतं. पहिलीला शिकवणाऱ्यांचं असतं तसं, मोठं, गोल, प्रत्येक काना सरळ. अर्जाचा कच्चा मसुदा होता. मा. गटशिक्षणाधिकारी यांच्या सेवेशी. विषय, स्वेच्छानिवृत्ती मिळणेबाबत. गुडघ्याच्या विकारामुळे शाळेत जाण्यायेण्याचा चढावरील प्रवास उपाय करूनही शक्य होत नाही, असं एक वाक्य होतं. त्यातल्या 'उपाय करूनही' वर काट मारली होती आणि वर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'सर्व उपाय करूनही'. तारखेची जागा रिकामी होती. खाली सहीची जागाही.

मी खुर्चीवर बसलो. ती स्वयंपाकघरात पीठ मळत होती, परातीचा आवाज येत होता. सर्व उपाय म्हणजे मी होतो. चोवीस रकाने, अकरा शुक्रवार आणि माझी सही, मिळून एक उपाय, आणि 'करूनही'.

वही घेऊन मी ओट्यापाशी गेलो. तिने पान पाहिलं, हात थांबले नाहीत.

"दुखतो का अजून?" मी विचारलं.

"चढावर दुखतो."

"पण ती मोटर चढासाठीच आहे."

"आहे ना. पण आधी मी जोर द्यायचा, मग ती देणार. जेवढा मी देईन तेवढा ती देणार." तिने पिठाचा गोळा उलटा केला. "मला चढावर जोरच द्यायचा नाहीये. डॉक्टरांनी तेच सांगितलंय. मी पाय हलका ठेवला की तीसुद्धा हलकी होते आणि चिंचेपाशी सायकल मागे यायला लागते. मग दाबते मी जोरात. काय करणार?"

हे इतकं सोपं होतं की तिच्या पहिलीच्या वर्गालाही समजलं असतं. मला चोवीस रकान्यांत समजलं नव्हतं. मी माझ्या धडधाकट गुडघ्यांनी पायडल दाबलं होतं आणि शिस्तबद्ध असं लिहिलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, मी तर कळसा काखेत घेऊन उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर तिन्ही गावांना वळसा घातला होता.

"मग सांगायचं ना मला," मी म्हणालो. आवाज चढला, कारण चूक माझी होती.

"कसं सांगणार?" ती म्हणाली. "तुम्ही हिरवा टॅग बांधला होता."

मला खूप वाईट वाटलं. भेंडीवाल्याबद्दलसुद्धा वाटलं.

शनिवारी तिची सकाळची शाळा असते. मी अर्धी रजा घेतली आणि दुपारी आम्ही सायकल टेम्पोत टाकून कॅम्प तीनला गेलो. टेम्पोतच तिने मला सांगून ठेवलं होतं, "तिथे तुम्ही बोलायचं नाही. वही पण काढायची नाही." वही मी आणलीच नव्हती. पिशवीत नुसती बरोबर होती.

दुकानदारांनी माझ्याकडे पाहून मान हलवली आणि नेहमीचा प्रश्न तिला विचारला. "भाभीजी, चलाएगा कौन?"

"मैं," ती म्हणाली. "सपाटीवर मी पायडल मारते. मारायलाच पाहिजे, डॉक्टर बोले हैं. फक्त एक चढ आहे, वहाँ पे पाय से जोर नहीं देने का. वजन अठ्ठेचाळीस. टोपलीत रजिस्टर आणि डबा."

"हो गया," ते म्हणाले. मागे वळले आणि कोपऱ्यातून एक ट्रायलची सायकल ओढून आणली. अडीचशे वॅटची, गिअरवाली हब. मूठवाली. तिच्या हँडलला माझा लाल टॅग अजून बांधलेला होता. माझं अक्षर, माझी सही, 'चढावर दम टाकते'.

"ये साईं ने फेल की थी," त्यांनी तिला सांगितलं, चहाड्या करणाऱ्या मुलासारखं. "मैंने निकाला नहीं टॅग. बोला, कभी तो आएगी चलानेवाली."

बायकोने टॅग वाचला. मग ती सायकलवर बसली, मूठ पिळली आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली. येताना दोन्ही पाय स्थिर होते. उतरून तिने टॅगची गाठ नखाने सोडवली, टॅग माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "ही घेऊ." सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील. मी मधे एकदा पाण्याच्या टिकाऊपणाबद्दल विचारायला तोंड उघडलं होतं. तिने पाहिलं, मी मिटलं.

त्या संध्याकाळी ती मोटर तिच्या सायकलला बसली, बॅटरी मागच्या कॅरिअरवर. मिड-ड्राइव्ह माझ्या जुन्या सायकलला गेली. मला ती उत्तम चालते.

पुढच्या शुक्रवारी मी चिंचेखाली जाऊन उभा राहिलो. स्टॉपवॉच गळ्यात होतं, सवयीने. खालच्या वळणावरून ती दिसली. सपाटीवर पायडल मारत होती, मग चढ सुरू झाला आणि तिचे पाय थांबले. सायकल येत राहिली. वेग काही फार नव्हता. मोटरचा बारीक घुंईऽ आवाज, टोपलीत डबा, तिचा चेहरा समोर. चिंचेपाशी मोटरने जरा दम घेतला, ते मला ऐकू आलं, मी श्वास धरला. पण ती थांबली नाही. मी रस्त्याच्या मधे आहे हे मला दोनदा घंटी वाजल्यावर कळलं. मी बाजूला झालो, चिखल आता सुकला होता. ती माझ्याकडे न बघता वर गेली. स्टॉपवॉच दाबायचं राहून गेलं.

संध्याकाळी तिने विचारलं, "किती वेळ लागला मला?"

"मोजला नाही."

ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मला वाटतं ताप आहे का ते बघत होती.

दिवाळी आली. दिवाळीपर्यंत बघते असं तिने म्हटलं होतं, ते मी विसरलो नव्हतो. एक दिवस ती शेजारी फराळ द्यायला गेलेली असताना मी वही मागून उघडली. शेवटचं पान नव्हतं. शिवणीपाशी नीट, पट्टी लावून फाडलेलं होतं. ते फाडून अर्ज पक्का केला, की फाडून टाकला, मला कळायला मार्ग नव्हता. विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. तीस वर्षं प्रत्येक गोष्ट उजेडाला धरून बघणारा माणूस बायकोला एक प्रश्न विचारायला घाबरत होता. भाऊबीज झाली, सुट्टी संपत आली. ती कपाटातून खडू, घोटीव कागद असलं काहीबाही काढत होती, पण निरोपाच्या दिवशीही मुलांना काहीतरी द्यावंच लागतं, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो, म्हणजे वाईट बाजूने.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "मागची बॅटरी मध्यंतरी खडखडत होती. आता बरी आहे. तरी तुम्ही एकदा बघून ठेवा."

मी पाना घेऊन पार्किंगमध्ये गेलो. सायकल हलवून पाहिली, खडखड नव्हती. पण मी कारणासकट बघणारा माणूस. वाकून पाहिलं तर बॅटरी आणि कॅरिअर यांच्या फटीत काहीतरी ठोकून बसवलेलं होतं. बोटांनी ओढून काढलं. दुधाची रिकामी पिशवी, घट्ट गुंडाळलेली, तिच्यावर रबर. आत जाड आडव्या पानाची, चार घड्या घातलेली एक चौकोनी गड्डी होती. पहिली घडी उघडल्यावर आमच्या कारखान्याच्या वहीच्या निळ्या रेघा दिसल्या. दुसरी उघडल्यावर मा. गटशिक्षणाधिकारी. तारखेची जागा अजून रिकामी होती, सहीचीही. अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे नाही, बॅटरीखाली गेला होता.

मी बराच वेळ तिथे उकिडवा बसून होतो. वॉचमनने विचारलं, काका, पडलात का? मी नाही म्हणालो.

मग तो कागद त्याच घड्यांवर दुमडला, पिशवीत घातला, रबर लावलं आणि होता तिथे दाबून बसवला. सायकल हलवून पाहिली. खडखड नव्हती. खिशात दोन्ही रंगांचे टॅग होते, कुठलाच बांधला नाही.